बाबांचे डोळे

आमच्या घरातलं भांडण सोडवायला हमरापुरात कोणी पुढे येत नाही. मध्ये पडणाऱ्याला दोन्हीकडून पडतात, हे सगळ्यांनी अनुभवलंय. त्यातून माझं तोंड. नाव निशिगंधा आणि बोलणं ठेचा, असं माझी सासूच म्हणते, आणि ती स्वतः काही साखर पेरत नाही.

यंदाचं भांडण माझं आणि माझ्या धाकट्या दिराचं, नितेशचं. तसं ते मी लग्न होऊन आले तेव्हापासून, म्हणजे सोळा वर्षं चालू आहे. पण आधी आम्ही भांडायचो ते ब्रश कोणी धुतले नाहीत, मूर्ती कोणी उन्हात ठेवली, असल्या गोष्टींवरून. या वेळी भांडलो ते सासऱ्यांवरून, आणि सासरे जाऊन वर्ष होत आलं होतं.

माझे सासरे महिपती. आमचा गणपतीचा कारखाना त्यांनी उभा केला. नितेश साचे काढतो आणि माल ओततो, माझा नवरा अमोल रंग आणि गिऱ्हाइकं बघतो, आणि मी डोळे आखते. आखणी हे मूर्तीतलं शेवटचं काम. तोवर तिला आम्ही मालच म्हणतो. डोळे आखले की मग कोणी तिच्यासमोर तंबाखूसुद्धा थुंकत नाही. आमच्याकडे बायका रंगकाम करतात, पण आखणी बाप्यांची, असा रिवाज होता. बाबांनी लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी माझ्या हातात बारीक ब्रश दिला. सगळे बघतच राहिले, तर म्हणाले, "हिचा हात हालत नाय. तोंड हालतं, पन त्येचं काय करायचं न्हाय आपल्याला."

बाबांनी कारखान्यात एक नियम घातला होता. डोळे आखलेली मूर्ती तडकली, हात तुटला, तर ती तशीच पाण्यात सोडायची नाही. आधी पांढऱ्या रंगाचा ब्रश डोळ्यांवरून फिरवायचा. पूजेत बसलेल्या गणपतीची उत्तरपूजा होते आणि मग तो जातो. जिची पूजाच झाली नाही तिचे डोळे कोण मिटणार? ज्यानं आखले त्यानंच मिटायचे. मी कितीतरी मिटलेत. पाऊण वर्षाची मेहनत एका हातात पुसायची म्हणजे जिवावर येतं, पण नियम म्हणजे नियम.

आता ते पाण्याखालच्या गावाचं सांगते. कोलाडवरून रोह्याच्या अंगाला आत गेलं की एक जुनी दगडाची खाण लागते. हायवे रुंद करताना अर्धी टेकडी तिकडे गेली आणि मागे उरला तो खड्डा. त्यात झऱ्याचं पाणी भरलं. वाडीवरचे कातकरी तिथे मासे धरायचे, बायका कपडे धुवायच्या. मग एका मालकाने ती जागा घेतली, तारेचं कुंपण घातलं, खोल्या बांधल्या आणि ठरवलं की पाण्याच्या तळाशी पुतळ्यांचं अख्खं गाव बसवायचं. विहिरीवरची बाई, नांगरवाला, मिठागरातला माणूस, असे बावीस जण. लोक पाठीला हवेचं नळकांडं लावून खाली जाणार आणि ते गाव बघणार. काम नितेशला मिळालं. माल सिमेंटचा, पण चेहरे त्याने खऱ्या माणसांचे घेतले. माणसाला आडवं निजवायचं, नाकात नळ्या घालायच्या आणि तोंडावर प्लास्टर थापायचं. बाबांचा चेहरा त्याने ते असतानाच घेतला होता. बाबा गुदगुल्या होऊन हसले, म्हणून दोनदा घ्यावा लागला.

असा चेहरा घेतला की डोळे मिटलेलेच येतात, आणि तेही घट्ट, भ्यालेल्या माणसाचे. गेल्या माघात बाबा गेले. पावसाळ्यात नितेश बाबांचा सिमेंटचा पुतळा घेऊन माझ्यासमोर आला. मांडी घातलेले, उजवा हात वर, बोटांत ब्रश. समोर पाट होता, पण रिकामा, कारण त्यावर काय ठेवायचं ते नंतर बघू म्हणाला. "वहिनी, डोळे उघडून दे."

मी समजले, कारखान्याच्या दारात बसवायचाय. बाकी कशासाठी असणार? विचारायला पाहिजे होतं. पण आम्ही दोघं एकमेकांना विचारून काही करत असतो तर काय हवं होतं. मी तीन दिवस बसले. मिटलेल्या पापण्या कोरून काढल्या, बुबुळं खोदली, खालच्या पापणीशी बाबांना ती जी बारीक पिशवी होती ती आणली. रडत रडत केलं. तिसऱ्या दिवशी बाबा माझ्याकडे बघायला लागले, आणि मी उठून मोरीत जाऊन तोंड धुतलं.

दिवाळी झाली आणि दारात टेम्पो लागला. गोणपाटात गुंडाळलेले पुतळे चढत होते. बाविसावा चढला तेव्हा गोणपाटातून वर आलेला ब्रशवाला हात मला दिसला.

"ह्ये बाबा कुठं निघालं?" मी विचारलं.

"गावात मूर्तिकार पायजे ना एक," नितेश म्हणाला. "मालकाने ठरवलंय."

"पाण्यात?"

"मग काय झाडावर?"

"नित्या, डोळं उघडं हायत त्यांचं!"

तो दोरी आवळत राहिला. म्हणाला, "बाबांनी सगळा जन्म पाण्यात जायच्या मूर्ती केल्या. त्यांना काय पाण्याचं वावडं?"

हे वाक्य मी त्याला कधी विसरू देणार नाही. सासूबाई ओटीवर सुपात पावटे निवडत होत्या. त्यांनी मान वर करून विचारलं, "कोनाचं डोळं गो?"

मी गप्प बसू शकले असते. पुतळा उतरवून घ्यायला अमोल होता, मी होते, शेजारी होते. पण आगीत तेल कसं ओतायचं ते मला कोणी शिकवावं लागत नाही. मी सगळं सांगितलं. उघडे डोळे, तळ, पुतळ्याला मिठी मारून फोटो काढणारे लोक, सगळं. वर हेही सांगितलं की नितेशने ठरवून केलंय. खरं तर ते मला ठाऊक नव्हतं.

सासूबाई उठल्या. सुपातले पावटे अंगणभर झाले. "उघड्या डोळ्यांनी बापाला बुडवनारा माझ्या घरात नको," त्या म्हणाल्या. "माघात तुझ्या बापाचं वरीसश्राद्ध हाय. पिंडाला हात लावायला येऊ नको. उंबऱ्याच्या आत पाय टाकलास तर मी त्याच दिवशी विहीर जवळ करीन."

नितेशने टेम्पोचं फळकं लावलं आणि निघून गेला. संध्याकाळी त्याची बायको मुलाला घेऊन गेली. रोह्याला खोली घेतली असं कळलं. चौथ्या दिवशी त्याचा फोन आला, तो मी उचलला. "वहिनी, त्या डोळ्यांचं..." एवढंच तो बोलला. मी म्हटलं, "तुझं थोबाड जसं बघायचं नाय, तसा आवाज पन ऐकायचा नाय," आणि कापला. पुन्हा आला तेव्हाही कापला. मग नाही आला.

अमोलने मालकाला फोन केला. मालक गोड बोलला. पुतळे आता त्याचे, आणि लोक मूर्तिकाराकडेच सगळ्यात जास्त थांबतात, म्हणाला.

सासूबाई जेवताना अर्ध्या भाकरीवर उठायला लागल्या. एक दिवस भांडी घासता घासता थांबल्या आणि म्हणाल्या, "पान्यात डोळं चुरचुरत असतील गो त्यांचं." मी त्यांच्या हातातलं पातेलं घेतलं आणि घासत राहिले. श्राद्धाला आठ दिवस राहिले तेव्हा मी सांगून टाकलं, "आई, म्या आखलेत. म्याच जाऊन मिटते."

पेणच्या हार्डवेअरवाल्याकडे पाण्यातही धरते अशी पुट्टी मिळते. दोन रंगाच्या दोन कांड्या, एकत्र मळल्या की अर्ध्या तासात दगड. घरी पाण्याच्या पिंपात हात घालून दोन दिवस मळून बघितली. जमली. ती आणि माझी छोटी कोरणी मी रुमालात बांधली. अमोलने मोटारसायकलवरून नागोठण्याच्या पुढे आणलं. कोलाडला चहा प्यायलो तेव्हा म्हणाला, "तुला पोहाय कुठं येतंय?"

"बुडाय तर येतंय ना? तेवढंच करायचंय."

अमोलला पाण्याची भीती. तो काठावर बसला.

तिथे फॉर्म भरून घेतात. वय, वजन, दमा आहे का. मग अंगाला घट्ट चिकटणारा काळा पोशाख देतात. आरशात बघितलं तर मी भरलं वांगं दिसत होते. मंगळसूत्र काढून ठेवा म्हणाले, मी नाही काढलं, पोशाखाच्या आत सारलं. रुमाल बाहीत कोंबला. मला खाली न्यायला जो माणूस दिला तो वाडीवरचा चंदर, तिशीचा, काटक. पूर्वी याच पाण्यात तो मासे धरायचा. आता तो गाइड.

"नाव काय म्हनालात?" त्याने विचारलं.

"निशिगंधा. हमरापूर."

त्याने माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि तोंडात धरायची नळी पुढे केली. "तोंडानं श्वास घ्यायचा. नाकानं नाय. बोलायचं नाय."

शेवटचं मला जड गेलं.

खाली खुणांनी बोलायचं असतं. अंगठा वर म्हणजे 'वर न्या', ठीक आहे असं नव्हे. त्याने ते दोनदा समजावलं, आणि पहिल्यांदा डोकं पाण्याखाली गेल्यावर त्याने 'बरं आहे का' असं विचारलं तर मी अंगठा दाखवला. त्याने मला वर आणलं. पुन्हा खाली, पुन्हा अंगठा, पुन्हा वर. तिसऱ्या वेळेला तो म्हणाला, "ताई, वरच राहायचं असंल तर बाकडं हाय." मी त्याला एक शिवी दिली आणि मग मला बरं वाटलं.

खाली कानांत कोणी बोटं घातल्यासारखं झालं. पाणी हिरवट, पण पंधरा फुटांवरचं दिसत होतं. आधी विहिरीवरची बाई आली. ती आमच्या आळीतल्या मैनाकाकू. तोंडावर शेवाळ्याचा हात फिरला होता, तरी हनुवटीवरून ओळखू आल्या. नांगरवाला, त्याचे बैल. बैल नितेशला कधीच जमले नाहीत, इथेही ते गाढवासारखेच होते, आणि मला आनंद झाला. मग लाकडाची मोळी घेतलेली एक म्हातारी. चंदरने तिच्या डोक्यावरचा गाळ हाताने झाडला, आपण घरातलं कपाट झाडतो तसा, आणि मला पुढे ओढलं.

बाबा एका कोपऱ्यात होते, खाणीच्या कातळाला टेकून. त्यांच्याजवळ कोणीतरी होतं. पुण्या-मुंबईचं जोडपं असावं. बाई बाबांच्या मांडीवर बसली होती, गळ्यात हात टाकून, आणि तिचा नवरा फोटो काढत होता. त्याने आपला पाण्याचा चष्मा काढून बाबांच्या डोळ्यांवर चढवला. मी नळी तोंडात असताना ओरडले. बुडबुड्यांशिवाय काही निघालं नाही. चंदरने त्यांना हाताने बाजूला जायला सांगितलं, चष्मा काढून दिला. ते हात हलवत गेले. मी तिथेच त्यांना सात पिढ्या शाप दिले, मनातल्या मनात.

मी बाबांसमोर गुडघे टेकले. चंदरने मागून नळकांडं धरून ठेवलं होतं. पाट रिकामाच होता. मालकाने देवाची भानगड नको म्हणून काही ठेवू दिलं नव्हतं. बाबांचा हात वर, ब्रश पुढे, आणि पुढ्यात काही नाही. चेहऱ्यावर पातळ शेवाळ होतं. मी ते तळव्याने पुसलं. कपाळ, नाक, गाल. मग डोळ्यांवरून बोट नेलं.

माझ्या बोटांना काय लागणार ते मला माहीत होतं. बुबुळाचा खड्डा, वर धारेसारखी पापणीची कड. ते लागलं नाही. बोट सरळ उतरत गेलं. मला वाटलं गाळ भरलाय. नखाने खरवडलं. गाळ नव्हता. मी तोंड जवळ नेलं, माझ्या चष्म्याची काच त्यांच्या नाकाला लागेपर्यंत.

बाबांचे डोळे मिटलेले होते.

साच्यातून आलेले ते नव्हेत. ते घट्ट होते, आणि ते तर मीच कोरून काढले होते. हे वरून बसवलेले होते, हाताने. बाबा दुपारी जेवून कारखान्यात गोणीवर पडायचे तसे. तेव्हा त्यांच्या पापण्या पुरत्या मिळायच्या नाहीत, दोऱ्याएवढी फट राहायची, आणि आम्ही चेष्टा करायचो की बाबा झोपेतही आमची चूक शोधतायत. ती फट तिथे होती. दोन्ही डोळ्यांना, सारखी. पापणीच्या कडेला केसांची रेघही नव्हती, फक्त तिथे सिमेंट जरासं मऊ सोडलं होतं. रेघ मारली असती तर पुतळा वाटला असता. हे त्याला कळलं होतं. हे मला सुचलं असतं की नाही, देव जाणे.

नितेशला डोळे येत नाहीत. सोळा वर्षं हे मी सगळ्यांना सांगत आलेय. साचा कोणीही काढतो, माल कोणीही ओततो, डोळे येणं वेगळं. मी त्या पापण्यांत चूक शोधली. उजवी बघितली, डावी बघितली, बाजूने बघितलं, खालून बघितलं. मिळाली नाही.

मग मी जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. मी बाहीतून कोरणी काढली आणि डाव्या पापणीला लावली. एक टवका काढायचा, आणि वर माझी पुट्टी थापायची. मग ते माझं काम झालं असतं. घरी जाऊन मी शपथेवर सांगू शकले असते की मी मिटले. कोरणी कडेला टेकली होती. फक्त दाबायची होती. माझा हात हलायला लागला. चंदरने माझं मनगट धरलं, कोरणी काढून घेतली आणि आपल्या पट्ट्यात खोचली. मग त्याने अंगठा वर केला.

काठावर मला उलटी झाली. अमोल पाठ चोळत होता, तर त्याला मी पाणी आणायला पिटाळलं. चंदर शेजारी उकिडवा बसला आणि कोरणी माझ्यापुढे ठेवली.

"नितेशदादा बोललावता," तो म्हणाला. "हमरापूरवरून वहिनी येतील, थेट बाबांजवळ ने. आनि त्यांच्याकडं काय ना काय हत्यार असंल, तेवढं सांभाळ."

"कुठं मेलाय तो?"

"सिमेंट आनाय गेलाय, पुतळ्यांच्या डागडुजीला. बाबांना उतरवायच्या दिवशी क्रेन आलेली सकाळीच. एकवीस उतरवलं. बाबांचा बांधला, उचलला, आनि दादा बोलला, खाली घ्या. तिथं दगडावर बसून डोळं कराय लागला. मालक आला, आईबहिनीवरून बोलला. क्रेनवाला बोंबलत होता. दुपार टळली तरी उठला नाय. हात जोडून म्हनाला, एवढं करू द्या, मंग मजुरी देऊ नका."

"मग घरी सांगाय तोंड नव्हतं?"

"म्या पन तेच बोललो. तर म्हनाला, फोन केलावता."

मी कपडे बदलायला उठले. चंदर मागून म्हणाला, "ती मोळीवाली माझी आय हाय. गंगी. घरी हाय, चांगली खातेपिते. तिला बोललो, आये, तू पान्यात उभी हाईस. तर हसाय लागली. म्हनते, बरं झालं, इथं कुंपनामुळं मला आत कोन घेत न्हाय, तितं तरी हाय."

मी कोरणी तशीच रुमालात गुंडाळली आणि आत गेले.

परतीच्या वाटेवर मी अमोलला काही सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही. त्याला भांडण नको असतं, त्यामुळे त्याला कधीच काही कळत नाही. मी मनात बोलणं जुळवत होते. आई, नितेशनेच मिटलेत. तीन शब्दांचं काम. नागोठण्यापर्यंत ते शब्द माझ्या तोंडात होते. पुढे मी नितेशचं ते वाक्य आठवायला लागले, पाण्याचं वावडं वगैरे. मग मला वाटलं, तेव्हा तोंड उघडून एवढंच म्हणाला असता की वहिनी, मिटतो आणि मग नेतो, तर काय जीभ झडली असती? पण त्या वेळी त्याला तरी ते सुचलं होतं का? की माझ्या बोलण्यानंच सुचलं? हे मला आजही माहीत नाही, आणि त्याला विचारायचा माझा धीर नाही.

सासूबाई दारातच उभ्या होत्या. "झालं का गो?"

मी चप्पल काढत होते. "मिटलं डोळं, आई."

हे खोटं नव्हतं. डोळे मिटलेले होते. पण त्या माझ्याजवळ आल्या, माझं ओलं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि त्यांनी माझ्या कानशिलांवरून बोटं कडाकड मोडली. सोळा वर्षांत कधी मोडली नव्हती. "त्येंनी तुझ्या हातात ब्रश दिला तवा मी भांडले होते त्येंच्याशी," त्या म्हणाल्या. "बाईमानसाला कशाला, म्हनलं. आज कळलं मला. तू त्येंचा हात हाईस गो."

तेव्हा तरी सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलं होतं. मला सासूबाईंच्या त्या शब्दांची भूक होती, मी ते गिळून टाकले. रात्री सासूबाई दीड भाकरी जेवल्या. त्यांना जेवताना बघून मी स्वतःला पटवलं की आता सांगून त्यांचं जेवण कशाला मोडायचं. मनाला पटवायला काय, कारणं मागावी तेवढी मिळतात.

वर्षश्राद्धाच्या दिवशी सकाळी अमोल सोवळं नेसून बसला, भटजी आले, पिंडांचा भात मी शिजवला. पाहुणे ओटीवर होते. नितेश आला तो अंगणातच थांबला, पांढरा शर्ट, पायात चप्पल नाही. केस बारीक कापलेले.

सासूबाई उंबऱ्यात गेल्या. मला वाटलं आता विहिरीचं काढतात. पण जेवण सुरू झाल्यापासून त्यांचा राग थोडा खाली आला होता.

"तू उघडं टाकलंस," त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या. "तुझ्या भावजयीनं जीव धोक्यात घालून पान्यात उतरून मिटलं. पोहाय येत न्हाय तिला. तिचं पाय धर, माफी माग. मंग आत ये, बापाला पानी दे."

नितेशने माझ्याकडे बघितलं. मी ओटीवर आले होते, हातात पिंडांचं ताट. मी काय बघून आलेय ते त्याला ठाऊक होतं. चंदरने सांगितलं असणार, कोरणीसकट. आता तो बोलणार, आणि माझी सगळ्या गावात छी थू होणार. मी तयारी केली. उत्तरही शोधून ठेवलं, की मला पाण्यात नीट दिसलं नाही. इतकी मी नीच झाले होते.

तो पायरी चढून आला. पाहुण्यांनी वाट दिली. तो माझ्यासमोर वाकला आणि त्याने माझे दोन्ही पाय धरले. सिमेंटने भेगाळलेले त्याचे हात माझ्या पावलांना खरखरीत लागले. ताटातला भात वाफाळत होता आणि मला ते ताट टाकून देता येत नव्हतं.

"पापन्या बऱ्या जमल्या ना, वहिनी?" त्याने वाकूनच विचारलं. माझ्यापुरतंच, हळू. त्यात कुजकेपणा असता तर मी सोडला नसता. पण नव्हता. त्याला खरंच विचारायचं होतं. दुसऱ्या कोणाला तो विचारणार होता? डोळ्यांतलं कळणारं घरात मीच उरले होते.

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. सगळेच बघत होते.

"डावी जराशी जाड आलेय," मी म्हटलं.

तसं काही नव्हतं. त्याने मान हलवली, उठला, आणि हात धुवायला मोरीकडे गेला.